दमवेलीचे पान

आमच्या अक्काला दमा होता. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचे सासर आमच्याच गावात, वरच्या आळीला. पाऊस सरून थंडी पडू लागली की तिची छाती भरून येई. रात्र रात्र ती भिंतीला टेकून बसून राही. श्वास सोडताना सुंई सुंई असा आवाज होई. तो पार ओटीवर ऐकू येई.

१९९६ सालची गोष्ट. बाजाराच्या दिवशी एक वैदू झाडाखाली बसला होता. त्याने अक्काला एका वेलीची हिरवी पाने दिली. म्हणाला, "बाई, रोज पहाटे अनशापोटी एक पान चावून खा. सहा दिवस खा. दमा मुळासकट जाईल."

अक्काने पाने खाल्ली. तोंड आले, जेवणाची चव गेली. पण चौथ्या दिवशी तिला मोकळे वाटू लागले. आठव्या दिवशी ती डोक्यावर हंडा घेऊन विहिरीची चढण चढली. आम्ही सगळे पाहत राहिलो. मग तिने डॉक्टरांच्या गोळ्या आणि तोंडाने ओढायचा पंप फडताळात मागे सारून दिला. "आता कशाला हवं हे लोढणं?" असे म्हणाली.

मार्गशीर्षातल्या एका रात्री तिचा मुलगा धावत आमच्याकडे आला. मी जाऊन पाहिले. अक्काच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ओठ जांभळट पडले होते. शेजाऱ्यांची जीप काढली आणि तालुक्याला नेले. नळीने प्राणवायू दिला, सुया दिल्या. चार दिवसांनी ती घरी आली.

घरी आल्यावर तिने मला विचारले, "अरे, तू शाळेचा हेडमास्तर. मला एवढं सांग. त्या पानानं मला बरं वाटलं होतं. मी काही खोटं बोलत नाही. मग असं का झालं?"

मला उत्तर देता आले नाही. काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पुढे वाचन केले, जाणत्यांना विचारले. तेव्हा कळले की हाच प्रश्न दिल्लीच्या डॉक्टरांनी कितीतरी आधी विचारला होता. नुसता विचारला नव्हता, तर त्याची परीक्षाही घेतली होती. त्या परीक्षेची हकीकत या धड्यात सांगतो.

आधी दमा म्हणजे काय ते पाहू.

आपल्या छातीत हवेच्या बारीक बारीक नळ्या असतात. झाडाच्या फांद्यांसारख्या त्या पसरलेल्या असतात. दमेकरी माणसाच्या नळ्या आतून सुजलेल्या असतात. त्यात काही कारण घडले की नळ्या आवळतात. आत चिकट कफ साठतो. वाट अरुंद होते, म्हणून आवाज येतो. हवा आत घेता येते, पण बाहेर सोडताना जीव मेटाकुटीस येतो.

कारण काय घडते? पुष्कळांच्या बाबतीत ते वावडे असते. एखाद्याला वांगे वावडते. ते खाल्ले की अंगावर गांधी उठतात. तसेच नाकाला आणि छातीला काही गोष्टी वावडतात. कोणाला फुलांचे पराग वावडतात, कोणाला मळणीची धूळ. जुन्या गोधडीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, ते कोणाला वावडतात. गाजर गवत तुम्ही पाहिलेच आहे. पांढऱ्या बारीक फुलांचे हे गवत आपल्याकडे १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्याने नजरेस आले. आता असा बांध नाही जिथे ते नाही. त्याच्या परागांनी कोणाला शिंका येतात, नाक वाहते, डोळे चुरचुरतात, अंगाला खाज सुटते. चुलीच्या धुराने, थंड वाऱ्याने आणि साध्या पडशानेही दमा उसळतो.

दम्याचा एक गुण ध्यानात ठेवा. तो सदा सारखा नसतो. उसळतो आणि ओसरतो. औषध घेतले नाही तरी पुष्कळदा आपोआप ओसरतो. पुढे याचे काम पडणार आहे.

आता त्या वेलीकडे वळू.

आपल्याकडे तिला दमवेल म्हणतात. कोणी अंतमूळ म्हणतात, कोणी खडकी रास्ना म्हणतात. ही रुईच्या कुळातली वेल. झुडपांवर, कुंपणावर चढते. पाने समोरासमोर जोडीने येतात. फुले लहान, हिरवट पिवळी, आत जांभळी झाक. शेंगाही जोडीने लागतात. त्या फुटल्या की रुईसारखा रेशमी कापूस उडतो. कोकणात, घाटाच्या पायथ्याला, तसेच दक्षिण भारतात आणि बंगालकडे ती रानात उगवते.

इथे वाचणाऱ्यांनी जरा थांबावे. अंतमूळ आणि अनंतमूळ हे दोन शब्द मोठ्याने वाचा. एका अक्षराचा फरक आहे. पण झाडे अगदी निराळी. अनंतमूळ म्हणजे उपळसरी. तिच्या मुळाला गोड वास येतो, तिचे सरबत करतात. अंतमुळाने मात्र वांती होते. एक अक्षर गाळून वाचले तर सरबताच्या जागी ओकारीचे औषध पोटात जाईल. वाचायला शिकून काय मिळते, असे कोणी विचारले तर मी हेच दोन शब्द फळ्यावर लिहितो.

वांती करवणारी म्हणून ही वेल जुन्या डॉक्टरांना ठाऊक होती. परदेशातून इपिकाक नावाचे मूळ येत असे. ते वांतीसाठी आणि आवेसाठी वापरीत. त्याच्या जागी या वेलीची पाने चालतात, असे त्यांना आढळले. १८६८ साली सरकारने हिंदुस्थानच्या औषधांचा एक ग्रंथ काढला. त्यात या पानांना जागा मिळाली. दम्यावरही लोक ती पाने देत होते. पण देत होते म्हणजे गुण येत होता, असे होत नाही. ते तपासायला हवे.

तपासायचे कसे? हे शेतकऱ्याला मी शिकवायला नको.

समजा नवे खत आले. दुकानदार म्हणतो, पीक दुप्पट येईल. शहाणा शेतकरी काय करतो? सगळ्या वावरात खत टाकीत नाही. एक पट्टा बिनखताचा ठेवतो. त्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि दोन्ही पट्टे सारखेच तरारले, तर ते श्रेय पावसाचे. खताचा पट्टा वरचढ निघाला, तरच खताला गुण आहे असे म्हणायचे. बिनखताचा पट्टा ठेवलाच नाही तर काही कळायचे नाही. दुकानदार खताचे नाव घेईल, गुरव देवाचे घेईल आणि पाऊस बिचारा काही बोलणार नाही.

दिल्लीला वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट नावाची छातीच्या रोगांची संस्था आहे. तिथे डॉ. शिवपुरी हे वावड्याच्या रोगांचा अभ्यास करीत. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दमवेलीच्या पानाची अशीच परीक्षा घेतली. तिची हकीकत १९६९ साली छापून आली.

दम्याचे ११० रुग्ण घेतले. त्यांचे दोन गट केले. एका गटाला रोज सकाळी दमवेलीचे एक पान चावून खायला दिले. सहा दिवस दिले. दुसऱ्या गटालाही रोज एक हिरवे पान दिले. तेही सहाच दिवस. पण ते पान होते पालकाचे. आपण भाजी करतो तोच पालक. त्यात दम्याचे औषध काही नाही. पालकाचा गट म्हणजे बिनखताचा पट्टा.

आता खुबी पाहा. कोणाला कोणते पान मिळाले, हे रुग्णाला सांगितले नाही. "कसं वाटतं?" असे विचारून लिहून घेणाऱ्या डॉक्टरलाही सांगितले नाही. ती खूण निराळी लिहून ठेवली होती. का बरे? रुग्णाला कळले की आपल्याला नुसता पालक मिळाला, तर तो हिरमुसेल. डॉक्टरला कळले तर तो नकळत एकाला हसून विचारील, दुसऱ्याला कोरडेपणाने विचारील. माणसाचे मन असेच आहे. मी स्वतः चाळीस वर्षे पेपर तपासले. हुशार मुलाचे अक्षर ओळखले की माझा हात सैल सुटायचा. म्हणून तर बोर्डाच्या पेपरावर नाव नसते, नंबर असतो.

काही काळाने गटांची पाने बदललीदेखील. आधी पालक खाणाऱ्यांना दमवेल दिली, दमवेल खाणाऱ्यांना पालक दिला.

आता निकाल ऐका. आठवडा संपला तेव्हा दमवेलीच्या गटात शंभरांत ६२ जणांना बऱ्यापैकी किंवा पुरता आराम वाटला. पालकाच्या गटात किती जणांना वाटला? तुम्ही म्हणाल, एकालाही नाही. तसे नाही. शंभरांत २८ जणांना वाटला.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले आणि अक्काची आठवण झाली. पालकाचे पान खाऊन शंभरांत २८ दमेकऱ्यांना आराम! ते खोटे बोलत होते का? मुळीच नाही. त्यांना खरोखर बरे वाटत होते. मग ते बरे वाटणे आले कुठून?

वर सांगितलेला दम्याचा गुण आठवा. तो उसळतो आणि ओसरतो. माणूस औषधाला केव्हा जातो? त्रास फार वाढला म्हणजे जातो. त्रास अगदी टोकाला गेला की पुढे बहुधा तो उतरणारच असतो. त्याच वेळी पान खाल्लेले असते, म्हणून यश पानाच्या पदरात पडते. दुसरे, विश्वासाने जीव हलका होतो. भीती कमी झाली की धापही कमी वाटते. तिसरे, कोणीतरी रोज आस्थेने विचारपूस करते. त्यानेही माणूस सावरतो. वैद्य, वैदू, डॉक्टर, देवऋषी, सगळ्यांनाच हे २८ रुग्ण फुकट मिळतात. त्यांच्या साक्षीवर जगात पुष्कळ औषधे खपतात.

दमवेलीला मात्र ६२ मिळाले होते. २८ वजा केले तरी ३४ उरतात. म्हणजे पानात काहीतरी होते, असे डॉ. शिवपुरी आणि त्यांच्या सोबत्यांना वाटले. तसे वाटणे रास्तच होते.

पण त्यांनी पुढेही नोंद ठेवली. बारा आठवडे गेल्यावर पुन्हा पाहिले. पालकाच्या गटात आराम टिकलेला एकही नव्हता. दमवेलीच्या गटात शंभरांत १६ होते. बाकीच्यांचा दमा परत आला होता. अक्काचा आला तसाच.

मला इथे एक शंका येते. दमवेलीचे पान खाऊन पुष्कळांचे तोंड आले, मिठाची चव कळेनाशी झाली, कोणाला मळमळले, वांती झाली. पालकाने सहसा असे होत नाही. मग तोंड आलेल्या माणसाला कळले नसेल का, की आपल्या वाट्याला खरे पान आले? तसे कळले असेल तर झाकली मूठ पुरती झाकलेली राहिली नाही. ६२ मधले थोडे यामुळेही वाढले असतील. ही शंका माझी आहे, पण मोठ्या अभ्यासकांनाही अशा परीक्षांत ती छळते.

१९७२ साली याच डॉक्टरांनी आणखी एक परीक्षा छापली. या वेळी पान दिले नाही, पानाचा अर्क दिला. रुग्ण १९५ होते. आठवड्याअखेर अर्काच्या गटात शंभरांत ५६ जणांना आराम होता, नकली औषधाच्या गटात ३२ च्या आसपास. फरक होता, पण आधीपेक्षा कमी. पुढच्या आठवड्यांत तोही ओसरत गेला.

मग १९७९ साली दुसऱ्या डॉक्टरांनी १३५ रुग्णांवर परीक्षा घेतली. तीही झाकल्या मुठीचीच. त्यांना खऱ्या आणि नकली औषधात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, डॉक्टरांचेच एकमत नाही तर आम्ही काय करायचे? एका वर्षीच्या पिकावरून बियाणे ठरवू नये, असे आपण म्हणतोच ना? इथेही तसेच आहे. कोणी अनेक परीक्षा एकत्र मांडून पाहाव्या लागतात. २००० साली इंग्लंडातल्या एक्सेटर येथील दोन अभ्यासकांनी ते केले. दम्यावरच्या वनस्पतींच्या १७ परीक्षा त्यांनी गोळा केल्या. चीनच्या होत्या, आपल्याकडच्याही होत्या, त्यांत दमवेलही होती. त्यांनी लिहिले की काही वनस्पतींत आशा दिसते, पण एकीचाही गुण पक्का ठरलेला नाही. पुष्कळ परीक्षा लहान होत्या, काही ढिलाईने घेतलेल्या होत्या.

म्हणजे अक्काच्या प्रश्नाचे उत्तर असे. अक्का खोटे बोलत नव्हती. पानाने तिला थोडा गुण आला असेल, किंवा दमा आपल्या गतीने ओसरला असेल. एकट्या अक्काकडे पाहून ते सांगता येत नाही. पण "मुळासकट जाईल" हे वैदूचे बोलणे मात्र खरे नव्हते. दमवेलीच्या बाजूने झालेल्या परीक्षांतही ते कुठे दिसले नाही.

यावरून झाडपाला सगळा फोल, असे कोणी समजू नये. आपला अडुळसाच घ्या. खोकल्यावर अडुळशाचा रस आपल्या आज्या देत आल्या. अडुळशाच्या पानात व्हॅसिसिन नावाचे द्रव्य सापडले. त्यावरून शास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध बनवले. १९६३ च्या सुमारास ते बाजारात आले. आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर हे नाव असते. आता तुम्हाला वाचता येते, पुढच्या वेळी बाटली फिरवून पाहा. मात्र बाटलीत मोजून भरलेले असते, पानात मोजलेले नसते. एका पानात जास्त, एका पानात कमी. पावसाळ्यात निराळे, उन्हाळ्यात निराळे. आणि गरोदर बाईला अडुळसा देऊ नये. त्याने गर्भाशय आकुंचन पावते.

दमवेलीत टायलोफोरिन नावाचे द्रव्य आहे. तेही जपून हाताळायचे आहे. त्यातून रुईच्या कुळात विषारी वेलीही आहेत. दिसायला सारख्या. म्हणून कुंपणावरचे पान तोडून तोंडात टाकू नका. मुलांना तर मुळीच देऊ नका. एखाद्या शिकलेल्या वैद्याचे औषध घेणार असाल, तर डॉक्टरांना तसे सांगा. लपवू नका. आणि चालू औषध आपल्या मनाने बंद करू नका. अक्का पानाने अत्यवस्थ झाली नाही. पंप फडताळात गेला, त्याने झाली.

पंपाबद्दल गावात भलते समज आहेत. "एकदा लागला की सुटत नाही" असे म्हणतात. तोंडाने ओढायच्या औषधाचे साधारण दोन प्रकार असतात. एक धाप लागली की आवळलेली नळी लगेच सैल करणारे. दुसरे रोज घ्यायचे, नळीची सूज उतरवणारे. दुसरे घेतल्यावर लगेच काही वाटत नाही. म्हणून लोक तेच सोडतात. खरे तर घर पडू नये म्हणून पाया सांभाळणारे ते आहे. ते थेट छातीत जाते, म्हणून अगदी थोडे पुरते. ओढल्यावर चूळ भरून टाकावी, म्हणजे तोंड येत नाही. आपल्याला दिलेला पंप कोणता, हे डॉक्टरांना विचारून त्यावर चिठ्ठी चिकटवा.

दमेकरी माणसाला एक वाक्य सलग बोलता येईना, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, ओठ निळे जांभळे दिसू लागले, तर काढा उकळत बसू नका. त्याला बसते ठेवा, आडवे निजवू नका. जवळचा पंप द्या. १०८ नंबर फिरवा. महाराष्ट्रात २०१४ पासून या नंबरावर फुकट गाडी मिळते. आमच्या वेळी ती नव्हती. शेजाऱ्याच्या जीपमध्ये डिझेल होते म्हणून निभावले.

अक्का आता पंचाहत्तरी ओलांडून गेली आहे. रोज सकाळ संध्याकाळ पंप ओढते. गोधड्या उन्हात टाकायला लावते. धुराची चूल गेली, गॅस आला. परसातल्या कुंपणावर दमवेल अजून आहे. ती तिने तोडू दिली नाही. म्हणते, "असू दे. तिनं मला आठ दिवस डोंगर चढवला होता."

वर्गात बोलण्यासाठी प्रश्न

पालकाचे पान देण्याचे कारण काय? ते दिलेच नसते तर डॉक्टरांची काय फसगत झाली असती?

शंभरांत २८ म्हणजे पन्नासांत किती? पंचवीसांत किती?

आपल्या गावात "अमक्याने गुण येतो" असे ज्याबद्दल म्हणतात, अशी एक गोष्ट सांगा. तिची परीक्षा घ्यायची तर बिनखताचा पट्टा कोणता ठेवाल?